फलकावरचा फोटो आणि शिडी धरणारा इसम

मी, सगळीकडे बसकाका म्हणून ओळखला जाणारा, वय एकोणपन्नास वर्षे, व्यवसाय शाळेच्या बसवर ड्रायव्हर, राहणार पाण्याच्या टाकीमागील इमारत, तळमजला, आज आपणहून पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगतो तो मजकूर पुढीलप्रमाणे.

सेफ्टीचे कोर्स चालवणाऱ्या संस्थेच्या संचालकांनी एका माजी विद्यार्थ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. संस्थेचा फलक कापला आणि अडवायला गेल्यावर मारहाण केली, असे तक्रारीत असल्याचे मला समजले. त्याच तक्रारीत 'शिडी धरणारा एक अनोळखी इसम' असाही उल्लेख आहे. तो अनोळखी इसम मी आहे. मला कोणी बोलावलेले नाही.

माझ्या घरी पत्नी व एक मुलगी आहे. पत्नी कपड्यांच्या मोठ्या लॉन्ड्रीत मशीनवर काम करते. मुलीला अठरा पूर्ण झाली असून यंदा तिची शाळा संपली. कारखान्यात आणि बांधकामावर कामगाराला इजा होऊ नये, त्याची तब्येत बिघडू नये, हे बघण्याचे जे शिक्षण असते ते तिला घ्यायचे आहे. याचे कारण विचारले असता सांगतो की, लॉन्ड्रीतल्या औषधाने पत्नीच्या हातांची सालपटे निघतात. मालकाने रबरी हातमोजे आणलेले आहेत, परंतु ते कपाटात असतात व किल्ली सुपरवायझरकडे असते. तपासणीचे साहेब येणार असले की बाहेर निघतात. मुलगी एकदा आईचा डबा द्यायला तिथे गेली, तेव्हा तिने विचारले, "आई, मोजे कपाटाला घातलेत का?" तिची आई म्हणाली, "म्हणून तर कपाटाचे हात चांगले आहेत." सगळे हसले. मुलगी हसली नाही, असे पत्नीने मला नंतर सांगितले.

माझे मत तिने नर्सिंग करावे असे होते. नर्स म्हटले की लोकांना कळते. सेफ्टी म्हटले की आमचे पाहुणे विचारतात, म्हणजे वॉचमन का. आम्हा बापलेकीत यावरून बरेच दिवस धुसफूस चालू होती. तरीही मी या संस्थेत प्रवेशाच्या चौकशीला जायला तयार झालो तो फलकावरच्या फोटोमुळे.

सदर फलक संस्थेच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीखाली लावलेला होता. त्यावर मधोमध पांढरे हेल्मेट घातलेल्या एका तरुणाचा मोठा फोटो होता, शेजारी इतर मुलांचे लहान फोटो होते व मोठ्या फोटोखाली लिहिलेले होते, 'आमचा विद्यार्थी, परदेशातील तेल प्रकल्पात सुरक्षा अधिकारी.' माझी बस रोज त्या रस्त्याने जाते. सिग्नलला थांबलो की तोच चेहरा समोर. चांगला, घरच्यासारखा चेहरा होता. एखाद्या साध्या घरातला मुलगा तिथवर पोचला तर आपली का नाही पोचणार, असे मला वाटू लागले होते.

परवा शाळेला सुट्टी असल्याने मी मुलीला घेऊन सकाळी साडेआठच्या सुमारास संस्थेसमोर पोचलो. कार्यालय नऊला उघडते हे मला माहीत होते, पण ड्रायव्हर माणसाला वेळेवर जाणे म्हणजे उशीर वाटतो. वॉचमन फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. मुलगी रस्त्याच्या पलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. मी अलीकडे उभा होतो.

थोड्या वेळाने एक तरुण खांद्यावर ॲल्युमिनियमची शिडी घेऊन आला. डोक्याला हेल्मेट, अंगात पट्ट्यापट्ट्यांचे जाकीट, कमरेला दोरी. त्याने आधी फुटपाथवर दोन बादल्या ठेवून त्यांना दोरी बांधली, म्हणजे शिडीखालून कोणी जाऊ नये. मग गॅलरीच्या लोखंडी कठड्याला दोरीचा आकडा अडकवला आणि स्वतःचे सगळे वजन टाकून ओढून पाहिले. एकदा नाही, तीनदा. मला वाटले, फलक बदलणाऱ्या दुकानाचा माणूस असावा. वॉचमनलाही तसेच वाटले असावे, कारण त्याने नुसती मान हलवली.

त्या तरुणाने मला विचारले, "काका, पाच मिनिटं शिडी धराल का? बरोबरचा मित्र आला नाही. एकट्याने चढणं बरं नाही."

मी म्हणालो, "धरतो की. नाहीतरी खालीच उभा आहे."

तो म्हणाला, "वर बघू नका, डोळ्यात कचरा जाईल. पाय असा टेकवा. आणि मी सांगेपर्यंत सोडू नका."

अशा प्रकारे मी शिडी धरली. शिडी मी एकट्याने धरली होती.

तो वर गेला व खिशातून पाते काढून फलक कापू लागला. त्याने पूर्ण फलक काढला नाही. हेल्मेटवाल्याचा फोटो तेवढा चौकोनी कापत होता, आणि अगदी कडेने, शेजारच्या फोटोला धक्का न लावता. तेव्हा माझी मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, हा बोर्डवाला नाही. बोर्डावरचा आहे."

मुलगी रस्त्यापलीकडे असताना तिचे हळू बोलणे मला कसे ऐकू आले, असे विचारले असता सांगतो की, ती मोठ्याने बोलली असेल.

मी वर पाहिले. तोच चेहरा होता. फलकावर हसत होता, शिडीवर हसत नव्हता एवढाच फरक. मी विचारले, "अरे, स्वतःचाच फोटो कापतोयस?" तो म्हणाला, "हो काका. खाली आल्यावर सांगतो. आत्ता बोललो तर हात हलेल."

हे कळल्यावरही शिडी का सोडली नाही, असे विचारले असता सांगतो की, वर माणूस असताना शिडी सोडता येत नाही.

त्याच वेळी संचालक त्यांच्या गाडीतून आले. त्यांनी फलकाला पडलेले भोक पाहिले व गाडी रस्त्यातच सोडून धावत आले. "उतर खाली, तुला दाखवतो," असे ते ओरडले. तरुण म्हणाला, "उतरतो सर. शिडीला हात लावू नका, मी उतरतो." संचालक रागात होते. त्यांनी शिडी दोन्ही हातांनी धरून हलवली व बाजूला ओढली. मी "साहेब, माणूस आहे वर," असे म्हणेपर्यंत शिडी भिंतीवरून घसरली. ती माझ्या हातात राहिली, परंतु तरुणाचे पाय सुटले व तो दोरीला लोंबकळला. कठडा टिकला. त्याचा गुडघा भिंतीवर आपटला.

शिडी घसरताच संचालक मागे गेले, बादल्यांच्या दोरीत पाय अडकून फुटपाथवर बसले व त्यांचे कोपर खरचटले. तक्रारीत मारहाणीची जी जखम सांगितली आहे ती हीच. तरुण तेव्हा जमिनीपासून दीड पुरुष उंचीवर लटकत होता. तिथून मारहाण करायची तर त्याचे हात किती लांब असावे लागतील, याचा विचार व्हावा.

लटकत असताना तो तरुण घाबरून ओरडला नाही. तो म्हणाला, "काका, पोरीला बाजूला घ्या. शिडी सरळ लावा. पाया जास्त पुढे नको. आणि सरांना डोक्याला लागलंय का ते बघा." डोक्याला लागले नव्हते. वॉचमनच्या मदतीने शिडी पुन्हा लावली. तो उतरला, आधी दोरी सोडवली, मग बादल्या, आणि मग संचालकांना हात देऊन उठवले. त्यांनी हात घेतला. मारामारी झालेली माणसे असा हात घेत नाहीत.

संचालक पायरीवर बसून रुमालाने कोपर पुसत होते. ते त्याला म्हणाले, "तुला काय त्रास होता रे त्या फोटोचा? फोटो नसला तर वर कोणी चढत नाही. कोर्स बंद करू का?" तरुण म्हणाला, "सर, मी दोनदा येऊन विनंती केली. निदान खुलाशाचं पत्र मागितलं. तुम्ही म्हणालात, पुढच्या हंगामात बोर्ड बदलू." यावर संचालक म्हणाले, "मला तरी कोणी नोकरी दिली होती? पदवी घेऊन दारोदार फिरलो, मग शिकवायला लागलो." मला त्या वेळी त्यांची दया आली, हेही लिहून घ्यावे. नंतर ते वर निघून गेले. तक्रार देतील असे वाटले नव्हते.

तरुणाच्या गुडघ्यातून रक्त येत होते. मी त्याला कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात नेले. मुलीने जखम धुवायला तिच्या बाटलीतले पाणी दिले. तिथे त्याने जे सांगितले ते मी ऐकले तसे सांगतो.

तो कोणत्याही परदेशात गेलेला नाही. फोटो संस्थेच्याच मागच्या खोलीत, परीक्षेच्या दिवशी काढलेला आहे. हेल्मेट संस्थेचे होते व फोटो झाल्यावर ते पुढच्या मुलाच्या डोक्यावर गेले. कोर्स झाल्यापासून तो फर्निचरच्या गोदामाच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहितो. जिथे जाईल तिथे अनुभव मागतात, आणि अनुभव द्यायला कोणी तयार नाही. तो म्हणाला, "पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असला कारभार आहे." तरी तो अर्ज करत राहिला. सुट्टीच्या दिवशी एका बांधकामावर फुकट काम करून शिकला. गेल्या महिन्यात एका रंगाच्या कारखान्यात सेफ्टी सहायक म्हणून त्याची निवड झाली. हातात पत्र पडायचे तेवढे बाकी होते. तेवढ्यात कारखान्यात भरती बघणाऱ्या बाईंनी त्याला बोलावून घेतले व मोबाईलवर फलकाचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "अर्जात तू गोदामाचं गेट लिहिलंयस, इथं तेल प्रकल्प आहे. एकतर अर्ज खोटा, नाहीतर फोटो. सेफ्टीत खोटं लिहिणारा माणूस आम्हाला चालत नाही. काय ते मिटवून ये."

म्हणून तो फोटो मिटवायला आला होता. त्याने कापलेला चौकोन गुंडाळी करून शेजारी ठेवला होता. तो स्वतःचाच चेहरा असल्याने चोरी होते की नाही ते मला समजत नाही.

माझ्या मुलीने त्याला विचारले, "मला एवढंच सांगा, या शिक्षणाला नोकऱ्या आहेत की नाहीत?"

तो चहा संपवून म्हणाला, "आहेत. कारखाने, बंदरं, बांधकामं, मोठे दवाखाने, सगळीकडे लागतात. पण काही मालकांना तपासणीच्या दिवशी दाखवायला माणूस हवा असतो. ती नोकरी पटकन मिळते. मलाही मिळत होती. नुसती सही करायची, खाली उतरून बघायचं नाही. ज्याला खरंच बघायचंय त्याला थांबावं लागतं."

मुलगी म्हणाली, "किती?"

"मला बरंच लागलं. तू इथल्यासारख्या सहा महिन्यांच्या कोर्सला जाऊ नकोस. पूर्ण पदवी घे, आणि जिथे कारखान्यात उभं करून शिकवतात तिथेच घे. वर्गात हेल्मेट घालून काही कळत नाही. डोक्याला गरम होतं, बस."

मी मध्ये पडलो. मी म्हणालो, "मुलीला कोणी ऐकेल का? चाळीस-पन्नास पुरुष कामाला, आणि ही म्हणणार काम थांबवा." तो म्हणाला, "माझंही ऐकत नाहीत काका. आमच्या गोदामात मी हमालांना पट्टा बांधा म्हणालो तर ते म्हणाले, आधी तू बाशिंग बांध. एकाची कंबर धरली तेव्हा दुसऱ्याने पट्टा मागून घेतला. ऐकायला वेळ लागतो. ती माझ्यापेक्षा बरं बोलते."

मुलीने विचारले, "पुन्हा संधी मिळाली तर हेच घ्याल?"

तो म्हणाला, "हेच घेईन. फोटोला उभा राहणार नाही."

मग आम्ही घरी निघालो. फलकावरच्या ज्या मुलाच्या उदाहरणावरून मी या शिक्षणाला राजी होत आलो होतो, ते उदाहरण लंगडत गोदामाकडे गेले होते. तरीसुद्धा दोरीला लटकून आधी दुसऱ्याच्या डोक्याची चौकशी करणारा मुलगा माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. हे शिक्षण माणसाला काहीतरी खरे शिकवत असणार, असे माझ्या मनात आले. हे तक्रारीच्या संबंधात नाही, पण विचारले म्हणून सांगितले.

काल संध्याकाळी संस्थेच्या प्रवेशाच्या टेबलावरच्या मॅडमचा मला फोन आला. चौकशीसाठी मी आधी नंबर दिलेला होता. त्या म्हणाल्या, "सरांनी निरोप दिलाय. मुलीचा प्रवेश पक्का समजा, आणि पुढे नोकरीसाठीही सर स्वतः शब्द टाकतील. पोलिसांनी विचारलं तर एवढंच सांगा की त्या मुलाने सरांना ढकललं, आणि तुम्हाला काही माहीत नव्हतं." मग मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मला सांगायला सांगितलं, मी सांगितलं. तुम्ही तुमचं बघा." त्यांनीच पुढे सांगितले की रंगाच्या कारखान्याकडून त्या मुलाच्या पोलीस पडताळणीचा कागद याच ठाण्यात आलेला आहे, व त्यावर मारहाणीचा शेरा पडला तर नोकरी गेली. हे सांगायला त्यांना कोणी सांगितले नसावे.

मी हे पत्नीला सांगितले. तिने विचारले, "तुम्ही ढकलताना पाहिलं का?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मग झालं तर. वाढू का?"

आज सकाळी बस घेऊन जाताना मला दिसले की संस्थेचा उरलेला फलकही उतरवलेला आहे. लोखंडी सांगाडा तेवढा राहिला आहे. तो कोणी उतरवला हे मला माहीत नाही.

माझी संचालकांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. त्यांनी शिडी रागात ओढली, मारायच्या हेतूने ओढली असे मी म्हणणार नाही. तरुणाने त्यांना हात लावला तो फक्त उठवण्यासाठी. शिडी धरणे हा गुन्हा होत असेल तर तो माझा आहे. तो तरुण माझा कोणी लागत नाही.

वरील मजकूर अंमलदार मला वाचून दाखवत असताना माझी मुलगी, जी बाहेरच्या बाकावर, संस्थेकडून तक्रारीचे कागद घेऊन आलेल्या त्याच मॅडमच्या शेजारी बसली होती, दार ढकलून आत आली. दार अर्धवट उघडे असल्याने तिला बाहेर ऐकू जात होते. ती म्हणाली, "बाबा, शिडी तुम्ही एकट्याने कुठे धरली होती?"

मी तिला बाहेर जायला सांगितले. ती गेली नाही. ती अंमलदारांना म्हणाली, "दुसरा पाय मी धरला होता. मी पायरीवर बसलेच नव्हते. शिडी घसरली तेव्हा मी तिथेच होते, आणि परत लावली तीही आम्ही दोघांनी. वॉचमनकाका खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत."

अंमलदारांनी मला यापैकी खरे काय असे विचारले. मी सांगितले की, मुलगी म्हणते ते खरे आहे. तिला पुढे याच क्षेत्रात जायचे आहे, तिच्याही नावाचा पडताळणीचा कागद कधीतरी अशाच टेबलावर येईल, म्हणून मी तिला आज घरी राहा म्हणालो होतो. ती आली, तेव्हा बाहेर बस म्हणालो. बाकी माझ्या सांगण्यात लबाडी नाही.

अंमलदारांनी मुलीला समजावून सांगितले की तिचे नाव कागदावर येईल आणि जरूर पडल्यास कोर्टातही यावे लागेल. मुलगी म्हणाली, "येईन. मी खालीच होते, सर कुठल्या बाजूने ओढत होते ते मला बाबांपेक्षा नीट दिसलं. बाबा शिडी धरून तोंड फिरवून उभे होते." हे बरोबर आहे. मी तोंड फिरवून उभा होतो, कारण मला तसे सांगितले होते.

तरी माझ्या जबाबात 'मी एकट्याने' असे जिथे आले आहे तिथे 'मी व माझ्या मुलीने' असे वाचावे, व पायरीचा आणि वॉचमनच्या मदतीचा मजकूर रद्द समजावा. दुरुस्तीसह जबाब मला पुन्हा पहिल्यापासून ऐकवला. या वेळी मुलगी शेजारी उभी होती. आता तो घडले तसा आहे, म्हणून खाली सही करतो. मुलीचा जबाब वेगळ्या कागदावर घेण्यास सुरुवात झाली असून, तिला बसायला माझी खुर्ची दिली आहे.